पाणी घालू नका

"हे उपटून काय लावणार आहेस?" नवऱ्याने पायरीवरून विचारलं.

"काही नाही."

"मग उपटतेस कशाला?"

वाळलेल्या गुलाबाचं खोड दोन्ही हातांनी धरून टाकेबाई मागे रेलल्या. खोड एकदम सुटलं आणि त्या मातीवर बसल्या.

"लागलं का?"

"नाही."

खरं तर तळहातात काटा गेला होता. तो त्यांना संध्याकाळी भांडी घासताना दिसला. पाण्यात लालसर काहीतरी तरंगतंय म्हणून त्यांनी हात वर केला, काटा काढला आणि राहिलेली भांडी घासली.

अंगण मोठं नव्हतं. पूर्वी एका बाजूला एक जुनं झाड होतं. विजेच्या तारांना लागतं म्हणून ते तोडून नेलं, तेव्हापासून सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथे ऊनच ऊन. आधी हिरवळ गेली, मग कुंड्या गेल्या, शेवटी गुलाब गेले. नवऱ्याने, म्हणजे टँकरकाकांनी, बादल्या ओतून ओतून पाहिल्या. सगळी हयात त्यांनी पाण्याचा टँकर चालवला होता. निवृत्त होऊन दोन-तीन वर्षं झाली तरी गल्लीत त्यांचं नाव तेच राहिलं होतं. "गावाची तहान भागवली, घरचं झाड मात्र ऐकत नाही," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

टाकेबाईंचं नाव हॉस्पिटलात पडलं होतं. तळघरातल्या शिवणखोलीत त्या फाटक्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे झगे दुरुस्त करत. सोबत काजं करणारी एक बाई होती. तिला सगळे काजवाली म्हणत आणि तिचं तोंड मशीनपेक्षा जास्त चाले. "वर डॉक्टर टाके घालतात, खाली आपण घालतो," ती म्हणायची. "त्यांचे आठवड्यात काढून टाकतात. आपले बघा, चादर मरेपर्यंत टिकतात!" यावर टाकेबाई पूर्वी दरवेळी हसत. अगदी शंभरदा ऐकूनही हसत.

मागच्या वर्षी त्यांची एकुलती एक लेक त्याच हॉस्पिटलात, वरच्या मजल्यावर गेली. ताप आला, तो उतरेना, मग डोक्यात गेला. मागे तीन वर्षांची ठमी. टाकेबाईंना वरून बोलावणं आलं तेव्हा त्या मशीनवर होत्या. त्या जिने चढून गेल्या. लेकीचा हात बाजूला लोंबत होता, तो त्यांनी उचलून नीट ठेवला. चादर एका कोपऱ्याशी गोळा झाली होती, ती ओढून सरळ केली, आणि त्या कोपऱ्यावर त्यांना आपलाच रफू दिसला. बारीक, सरळ, चांगला बसलेला. रफू चांगला बसलाय, एवढंच त्या क्षणी त्यांच्या मनात आलं. त्यानंतर मनात फारसं काही आलंच नाही.

"रडून घ्या हो," काजवाली म्हणाली. "आत ठेवू नका. मोकळं वाटेल."

त्यांनी करून पाहिलं. न्हाणीघरात जाऊन, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून बसल्या. बराच वेळ बसल्या. मग पाणी वाया जातंय असं वाटून नळ बंद केला आणि बाहेर आल्या.

टँकरकाकांचं उलट झालं. ते बोलत सुटले. दूधवाल्याशी, कुरिअरवाल्याशी, चुकीच्या नंबरवर फोन लागला तर पलीकडच्या माणसाशीही. घरात एकाने तोंडाला कुलूप लावलं होतं आणि दुसऱ्याचं कुलूपच हरवलं होतं.

हॉस्पिटलच्या मागे, डॉक्टरांच्या गाड्या लागतात तिथे, मुरमाचा एक उतार होता. बसमधून उतरल्यावर टाकेबाई त्याच्या कडेने चालत येत. तिथे गवतही धड उगवत नव्हतं. पण एका सकाळी त्यांना जमिनीलगत निळं काही दिसलं. शर्टाच्या बटणाएवढी फुलं. जमिनीला चिकटून पसरलेली काटकुळी डहाळी, इवलीशी पानं, त्यांवर पांढुरकी लव. दुपारी परत जाताना पाहिलं तर फुलं मिटलेली. तिथे काही होतं असं सांगूनही कुणाला खरं वाटलं नसतं.

"रानटी आहे ते," काजवाली म्हणाली. "गाढवसुद्धा तोंड लावत नाही. त्याचं काय एवढं?"

"काही नाही."

मग नव्या इमारतीसाठी तो उतार खणणार असं कानावर आलं. एक पिवळं यंत्र येऊन उभंही राहिलं. टाकेबाईंनी एक रोप उपटलं. वरचं हातात आलं, मूळ जमिनीत राहिलं. दुसऱ्या दिवशी घरून चमचा नेला. उकरून पाहिलं तर एवढ्याशा झुडपाला हातभर मूळ, तेही मध्येच तुटलं. ते ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणलं. सकाळपर्यंत त्याची चिंधी झाली होती. शेवटी त्यांनी वाळलेली बोंडं गोळा केली. जेवणाच्या सुट्टीत उतारावर वाकून बोंडं खुडायच्या आणि टाचण्यांच्या रिकाम्या डबीत टाकायच्या. कशाला वाचवायचंय वगैरे त्यांच्या मनात नव्हतं. शिवण नसलं की हातांचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं, इतकंच.

हॉस्पिटलचा माळी तोंडात काडी धरून त्यांच्याकडे पाहत होता. "बी टणक असतं त्याचं," तो म्हणाला. "खरखरीत कागदावर जरा घासा, नाहीतर वर्षभर नुसतं पडून राहील. आणि बाई, उगवलं की पाणी घालू नका. लाडानं मरणारी जात आहे ती."

बी पेरायच्या आधीच एका सुट्टीच्या दिवशी जावई आला. एकटाच. फरशीच्या दुकानात तो कामाला होता. नखांच्या कडेला नेहमी पांढरं सिमेंट असायचं, त्या दिवशी मात्र नखं घासून स्वच्छ केलेली होती. टाकेबाईंना ते आधी दिसलं.

"ठमीला नाही आणलंत?" टँकरकाकांनी विचारलं.

"तिला... शेजारी ठेवलंय. बाबा, आई, जरा बोलायचं होतं."

"बोला की. बोलायला काय पैसे पडतात?"

जावयाने पाण्याचा पेला हातात घेतला, प्यायला नाही. "मला एकट्याला जमत नाहीये," तो म्हणाला. "म्हणजे दुकान जमतं. घर जमतं. पण ठमी संध्याकाळ झाली की दाराशी जाऊन बसते. तिला मी काय सांगू? माझ्या ओळखीत एकजण आहे. औषधांच्या दुकानात काम करते. चांगली आहे. ठमीही तिच्याकडे जाते. तर आम्ही... पुढच्या महिन्यात..."

टँकरकाका उठले. "मागचा नळ गळतोय वाटतं," असं म्हणत ते आत गेले. नळ गळत नव्हता.

"बरं केलंत," टाकेबाई म्हणाल्या.

"तुम्हाला राग नाही ना आला, आई?"

राग कुठे आहे म्हणून त्यांनी आत चाचपून पाहिलं. नव्हता. वाईटही वाटत नव्हतं. रिकाम्या खोलीत दिवा लावावा तसं झालं. खोली दिसली, रिकामी आहे हे दिसलं.

"राग कशाचा? लहान लेकरू आहे. चहा ठेवते."

टँकरकाका परत आले तेव्हा त्यांचं तोंड धुतलेलं होतं. "ठमी येत राहील ना हो इकडे?" त्यांनी उभ्यानेच विचारलं.

"म्हणजे काय, बाबा! तिचंच घर आहे हे."

पण लग्नानंतर ते तिघं शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेले. दोन बस बदलून जायचं, रस्ता चुकायचा, नव्या घरी किती वेळ बसायचं ते कळायचं नाही. फोनवर ठमी 'हॅलो आजी' म्हणायची आणि फोन खाली टाकून पळायची. मग ती आजारी पडली, मग जावयाला सुट्टी मिळेना. टँकरकाका दर रविवारी दाढी करून बसत. अमुकच्या नातवंडांनी शेवटी आजीला ओळखलं नाही, अशी एखादी गोष्ट सांगत आणि स्वतःच म्हणत, "आपली ठमी तशी नाही."

टाकेबाईंनी बी कागदावर घासून अंगणात पेरलं. उगवायला बराच काळ गेला. मग दोन सरी येऊन गेल्या आणि एका सकाळी मातीत हिरवे ठिपके दिसले. दुसऱ्या आठवड्यात ते मऊ पडून आडवे झाले. त्यांनी पुन्हा पेरलं. पुन्हा उगवलं, पुन्हा कुजलं. बोट घालून पाहिलं तर पाऊस नसूनही माती ओलीगच्च.

एकदा त्या रोजच्यापेक्षा लवकर उठल्या. टँकरकाका पाण्याचा मग घेऊन अंगणात उकिडवे बसले होते. रोपागणिक थोडं थोडं, धार बारीक धरून पाणी घालत होते.

"अहो, काय करताय?"

ते दचकले. "काय करणार? पाणी घालतोय."

"घालू नका म्हटलं होतं ना?"

"अगं, माना टाकल्यात त्यांनी! बघवत नाही डोळ्यांनी."

"टाकू द्यात. पाण्यानंच मरतायत ती."

"पाण्यानं कुणी मरतं का?" त्यांचा आवाज चढला. "सगळा जन्म पाणी वाटलं मी. बायका भांडी घेऊन उन्हात उभ्या असायच्या. टँकर दिसला की पोरं नाचायची. आणि तू मला सांगतेस पाणी घालू नका? तिथेही तेच! पाणी देऊ नका, पाणी देऊ नका!"

"कुठे तिथे?"

टँकरकाकांनी हातातल्या मगाकडे पाहिलं. बोलून बोलून घसा सुकवणारा माणूस, पण हे त्यांनी वर्षभरात कुणाला सांगितलं नव्हतं.

"तू खाली कामावर होतीस," ते म्हणाले. "ती मला म्हणाली, बाबा, पाणी. ओठ नुसते सालपटं झाले होते. नर्स म्हणाली, आत्ता देऊ नका, तपासणीला न्यायचंय. ती परत म्हणाली. मी म्हटलं, थांब बाळा, जरा वेळ थांब. थांबली बिचारी. मग काही बोललीच नाही." त्यांनी मनगटाने नाक पुसलं. "टँकरवाल्याची पोर, आणि घोटभर पाणी मागत गेली."

टाकेबाई उभ्या होत्या. आपण काहीतरी म्हणायला हवं हे त्यांना कळत होतं. नर्सचं बरोबर होतं, तुमचं चुकलं नाही, असं काहीतरी. वाक्यं समोर होती, उचलवत नव्हती. त्यांनी खाली वाकून नवऱ्याच्या हातातला मग काढून घेतला. आत जाऊन तो विसळला, पिण्याच्या पाण्याने भरला आणि आणून त्यांच्यासमोर धरला.

"प्या."

"मला नको."

"प्या म्हणते ना."

त्यांनी दोन्ही हातांनी मग धरला. गटगट प्यायले, थोडं हनुवटीवरून सदऱ्यावर सांडलं. संपेपर्यंत टाकेबाई तिथेच उभ्या राहिल्या. नंतर रिकामा मग घेऊन आत गेल्या. त्या दिवशी त्यांची बस चुकली.

त्यानंतर काकांनी पाणी घातलं नाही. मधली सगळी रोपं गेली होती, पण कडेला, दगडांच्या फटीत, जिथपर्यंत काकांचा मग पोचत नसे, तिथली थोडी वाचली. ती आपापली पसरू लागली. ऊन तापलं तसं ती आणखी दाट झाली. टाकेबाई सकाळी कामाला निघताना त्यांच्यावरून नजर टाकत. आनंद झाला असं म्हणता येणार नाही. घरात कुणी उठलंय की नाही ते बघावं, तसं बघत.

आणि मग जावयाचा फोन आला. रविवारी येतो, तिघं येतो.

ते आले तेव्हा दिवस बराच वर आला होता. ठमी उंच झाली होती. ती आधी जावयाच्या पायामागे लपली, मग टँकरकाकांनी तोंडाने टँकरच्या हॉर्नचा आवाज काढला तशी हसली आणि घरभर हिंडू लागली. जावयाची बायको दाराशीच उभी होती. सडपातळ, पांढुरकी ओढणी, हातात फळांची पिशवी. पिशवी कुणाला द्यावी हे तिला कळत नव्हतं. टाकेबाईंनी ती घेतली.

"बसा ना," त्या म्हणाल्या.

"हो."

जावई पंख्याकडे पाहत होता. टँकरकाकांनी रस्ता कसा होता ते विचारलं, मग परतीचा रस्ता कसा आहे तेही विचारलं. तेवढ्यात ठमी अंगणात पळाली. टाकेबाई तिच्यामागे गेल्या, आणि आत बसवेना म्हणून असेल, ती बायकोही त्यांच्यामागे आली.

"आई!" ठमीने दगडांजवळून हाक मारली. "आई, हे बघ!"

दोघींनी एकदमच तिकडे पाहिलं.

"आले हं," बायको म्हणाली, आणि म्हणताना तिचा चेहरा उतरला. तिने टाकेबाईंकडे पाहिलं. आतल्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "जरा जाऊन येतो," टँकरकाका कुणाला तरी म्हणाले आणि पुढच्या दाराने बाहेर पडले.

"मी शिकवलं नाही तिला," बायको हळूच म्हणाली. "खरंच नाही. तीच म्हणायला लागली."

"म्हणू दे. हाक मारायला कुणीतरी लागतं."

ठमीने एक फूल तोडलं होतं. "अगं, तोडू नको! आजीची फुलं आहेत ती," बायको म्हणाली.

"तोडू दे. उद्या परत येतात." टाकेबाई पायरीवर बसल्या. "बसा तुम्हीही."

ती बसली. मध्ये एका माणसाची जागा सोडून. "मी तुम्हाला काय म्हणू?" तिने विचारलं. "यांच्यासारखं आई म्हणू का? की ते... बरं नाही वाटणार तुम्हाला?"

"सगळे टाकेबाई म्हणतात."

"ते कसं म्हणू मी?"

"मग राहू दे. सुचेल तेव्हा म्हण."

ठमी मातीत फतकल मारून बसली होती. फूल दगडावर ठेवायची, उचलायची, परत ठेवायची. बायको तिच्याकडे बघत होती. मग ती म्हणाली, "एक विचारू? हिला एक सवय आहे. झोपताना कान धरते. माझ्या कानाची पाळी दोन बोटांत धरून चोळत बसते, झोप लागेपर्यंत. सोडवून घेतलं की जागी होते. आमच्या औषधांच्या दुकानातल्या मॅडम म्हणाल्या, सवय मोडायला हवी."

टाकेबाईंनी तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "कुठला कान?"

"अं?"

"डावा की उजवा?"

बायकोने आठवण्यासाठी हात वर नेला. "डावा. उजवा दिला तर चालत नाही. उठून दुसऱ्या बाजूला येते."

टाकेबाईंनी मान हलवली. त्यांची लेक शाळेत जायला लागेपर्यंत अशीच झोपायची. डावा कान. त्या कामावरून उशिरा आल्या तर टँकरकाकांचा धरायची, पण त्यांचा केसाळ म्हणून रुसायची. हे सगळं सांगता आलं असतं. सांगायला तोंड उघडलं तेव्हा त्यांना खोकलाच आला. बायकोने पाणी आणू का विचारलं. त्यांनी हाताने नको म्हटलं.

"मोडू नकोस," त्या म्हणाल्या. "आपली आपण सुटते ती सवय. शाळेत गेली की सुटते."

"बरं."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघींपैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

"आमच्या गॅलरीत फार ऊन येतं," बायको म्हणाली. "काही टिकत नाही. हे जगेल का तिथे?"

टाकेबाई उठल्या. दगडाशी वाकून त्यांनी वाळकी बोंडं खुडली आणि तिच्या तळहातावर ठेवली. "बी घासून पेर. आणि पाणी घालू नकोस फार. माया आवरती घ्यायची."

"आणि मेलं तर?"

"तर अजून बी आहे."

तिने बोंडं रुमालाच्या टोकाला बांधली. गाठ मारता मारता, वर न बघता ती म्हणाली, "बुधवारी माझी दुपारची पाळी असते. यांचंही दुकान. ठमीला शेजारी ठेवावं लागतं. तुम्ही म्हणालात तर इथे सोडीन. मलाच यावं लागेल दोन बस करून, पण येईन मी. तिला माणसं असलेली बरी."

"मी कामावर असते बुधवारी," टाकेबाई म्हणाल्या. "पण हे घरी असतात. दिवसभर असतात."

"मग आणते."

ते निघाले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. टँकरकाका अजून परतले नव्हते. जावई दोनदा फाटकापर्यंत जाऊन रस्त्याकडे पाहून आला. फोन लावला तर तो स्वयंपाकघरात वाजला. बस चुकेल म्हणून शेवटी ते निघाले. ठमीने वळणावरून हात हलवला, मग ती तिच्या आईच्या कडेवर गेली.

टाकेबाई अंगणातल्या पायरीवर येऊन बसल्या. बऱ्याच वेळाने फाटक वाजलं. टँकरकाका घामाने भिजले होते. त्यांच्या हातात गॅसचा लाल फुगा होता. फुगेवाला जवळ कुठे मिळाला नसणार. थेट बागेपर्यंत चालत गेले असणार.

"गेली?"

"गेली."

"थोडं थांबवायचंस की."

"बस होती. बुधवारी येणारेय. दर बुधवारी सोडणारेय तिला. तुमच्यापाशी."

टँकरकाकांनी ते ऐकलं. कधी नव्हे ते त्यांच्याकडे बोलायला काही नव्हतं. फुगा त्यांच्या डोक्यावर वाऱ्याने डुलत होता.

टाकेबाई थोड्या सरकल्या. ते शेजारी बसले आणि चपला काढून दुखरे पाय चोळता यावेत म्हणून त्यांनी फुग्याची दोरी टाकेबाईंच्या हातात दिली. दोरीला वरच्या बाजूला हलकीशी ओढ होती. टाकेबाईंनी ती बोटाभोवती एकदा गुंडाळली, मग अजून एकदा.